मुरबाडचा जगन्नाथ, मुंबईचा नाना

(भिवंडी येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका पेढीवाल्या शेटजींची हकीकत सांगणार आहे. शेटजी म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. गहाण पडलेली जमीन, व्याजावर चढलेले व्याज आणि कोऱ्या कागदावर उमटवलेला अंगठा, हे सारे डोळ्यांपुढे येते. तसले शेटजी पुष्कळ होऊन गेले, हे काही खोटे नाही. पण हे शेटजी निराळे होते. त्यांनी पैसा मिळवला, नाव मिळवले आणि ते दोन्ही लोकांच्या कामाला लावले. आज तुम्ही हातात मराठी पुस्तक धरून बसला आहात ना? त्या पुस्तकाशीसुद्धा या शेटजींचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

हा माणूस काही परमुलखातला नव्हे. आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. भिवंडीहून कल्याणला जावे, तिथून मुरबाडची एस. टी. धरावी. त्या मुरबाडला १० फेब्रुवारी १८०३ रोजी एका मुलाचा जन्म झाला. नाव ठेवले जगन्नाथ. घराणे दैवज्ञ सोनारांचे, आडनाव मुरकुटे. वडिलांचे नाव शंकरशेट. वडिलांची कीर्ती एवढी मोठी, की पुढे आडनाव मागे पडले आणि बापाचे नावच आडनाव होऊन बसले. जगन्नाथ शंकरशेट. लोक प्रेमाने त्यांना 'नाना' म्हणू लागले. मुंबईत ग्रँट रोडजवळ 'नाना चौक' आहे. तो याच नानांच्या नावाचा.

पत म्हणजे काय?

नानांचे वडील मुंबईतले बडे व्यापारी होते. १८२२ साली ते वारले. त्या वेळी नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात एवढी मोठी पेढी अंगावर पडली. बापाच्या मागे पोरगा बिघडला आणि घर बुडाले, अशा गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. इथे तसे झाले नाही. नानांनी पेढी सांभाळली, नुसती सांभाळली नाही तर वाढवली.

ती कशाच्या जोरावर? पतीच्या, म्हणजे विश्वासाच्या जोरावर. त्या काळी मुंबई बंदरात दूरदूरचे व्यापारी येत. अरबस्तानातून येत, अफगाणिस्तानातून येत. त्यांच्याजवळ सोनेनाणे, जडजवाहीर असे. हे परके लोक. त्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा. तरी ते आपली ठेव बँकेत न ठेवता नानांच्या हवाली करीत. कारण त्यांना खात्री होती की दिलेली वस्तू दिली तशी परत मिळेल.

पत ही अशी वस्तू आहे, बघा. ती बाजारात विकत मिळत नाही. ती एका दिवसात जमतही नाही. शंभर वेळा शब्द पाळावा तेव्हा ती जमते, आणि एकदा शब्द मोडला की जाते. नानांनी ती आधी व्यापारात कमावली. मग त्यांनी काय केले? लोकांच्या कामासाठी ती खर्ची घातली.

पुस्तके आली कुठून?

आता काळ कसा होता ते ध्यानात घ्या. १८१८ साली पेशवाई बुडाली. महाराष्ट्रात इंग्रजांचे राज्य आले. त्या वेळी गावात शाळा असे, पण ती पंतोजींची. ओसरीवर मुले बसत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पाढे घोकीत. छापलेले पुस्तक जवळजवळ नव्हतेच. आणि शाळेत जाणार तरी कोण? थोड्याच जातींची थोडीच मुले. मुलींचे तर नावच काढू नका.

मुंबईला एल्फिन्स्टन नावाचे गव्हर्नर होते. त्यांच्या वेळी, १८२२ साली, शाळा काढण्यासाठी आणि पुस्तके छापण्यासाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. तरुण वयापासून नाना या कामात पडले. या मंडळीने मराठी पुस्तके तयार करवली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या. कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट, सशाची आणि कासवाची गोष्ट आज आपल्या पोरांना पाठ असतात. त्यांचे छत्र्यांनी केलेले मराठी पुस्तक याच काळातले.

१८२७ साली एल्फिन्स्टन साहेब विलायतेला जायला निघाले. त्यांची आठवण म्हणून वर्गणी जमवायची ठरली. त्या पैशातून वरच्या शिक्षणाची सोय झाली. त्यातूनच पुढे मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. या साऱ्या खटपटीत नाना पुढे होते.

शिकायचे कोणत्या भाषेत?

आता येतो मी मुद्द्याच्या गोष्टीवर.

१८४० साली सरकारने शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी एक बोर्ड नेमले. त्यात काही इंग्रज होते, काही आपले लोक होते. नाना या बोर्डावर १८५६ पर्यंत होते. सोळा वर्षे! पुढे बोर्डाचे अध्यक्ष झाले सर अर्स्किन पेरी. हे हायकोर्ट निघण्यापूर्वीच्या मुंबईच्या वरिष्ठ कोर्टाचे न्यायाधीश. माणूस विद्वान. पण त्यांचे म्हणणे असे, की सरकारजवळ पैसा थोडा आहे. तो साऱ्या रयतेला शिकवण्यात घालवू नये. वरच्या थोड्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे. त्यांच्याकडून विद्या हळूहळू खाली झिरपेल.

म्हणजे कसे? वरच्या शेतात पाणी भरावे आणि खालच्या शेतकऱ्याने पाझराची वाट पाहत बसावे, तसे. खालचे भात वाळून गेले तरी पाझर येईलच असे नाही. हे भाताच्या मुलखातल्या माणसांना मी काय सांगावे!

नानांना हे पटले नाही. १८४७ च्या सुमारास बोर्डात मोठा वाद झाला. नानांचे म्हणणे सरळ होते. विद्या साऱ्या लोकांत पसरवायची असेल तर ती लोकांच्या भाषेतूनच दिली पाहिजे. परक्या भाषेतून थोडे लोक शिकतील, सारा मुलूख शिकणार नाही. इंग्रजीचा त्यांना राग होता असे मात्र समजू नका. ज्याला इंग्रजी शिकायची त्याने ती चांगली शिकावी, असेच त्यांचे मत होते. पण विद्येचे दार एवढे उंच करू नका की गरिबाचा हात कडीला पोचणार नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे सार.

या वादात त्यांच्या बाजूला कोण कोण होते? एक फ्रामजी कावसजी, हे पारशी. दुसरे महंमद इब्राहीम मकबा, हे मुसलमान. तिसरे कर्नल जर्व्हिस, हे तर इंग्रज. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान आणि एक इंग्रज, असे चौघे मिळून देशी भाषांसाठी भांडले. भिवंडीत हिंदू-मुसलमान शेजारी शेजारी राहतात, मागावर एकत्र काम करतात. तुम्हांला यात नवल वाटायचे कारण नाही.

वादाचा निकाल काय झाला? पेरी साहेबांचे म्हणणे सरकारने सगळेच्या सगळे मानले नाही. खालचे शिक्षण देशी भाषेत आणि वरचे इंग्रजीत, अशी तडजोड निघाली. पुढे १८५४ साली विलायतेहून शिक्षणाचा मोठा खलिता आला. त्यातही साध्या लोकांना त्यांच्या भाषेतून शिकवावे असे स्पष्ट लिहिले होते. मराठी शाळा टिकली. ती टिकली म्हणून मराठी पुस्तके निघत राहिली. तुमच्या हातातले पुस्तक याच ओळीतले आहे.

मुलींसाठी जागा

पुण्यात १८४८ साली जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे तुम्ही ऐकले असेल. मुंबईतही लगोलग तसा यत्न झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातल्या तरुण विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १८४९ साली मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्यात दादाभाई नौरोजी होते. पण शाळेला जागा कोण देणार? मुली शिकल्या तर घराचे वाटोळे होईल, असे म्हणणारे लोक घरोघर होते. त्या वेळी नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली.

बायांनो, याचे मोल नीट समजून घ्या. शेटजींनी नुसते पैसे दिले असते तर लोक एवढेच म्हणाले असते, 'दिले असतील.' पण नानांनी आपल्या घरात शाळा घेतली. नानांच्या वाड्यात मुली शिकतात म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडे थोडी तरी बंद झाली. पत अशी कामी येते.

आगगाडी

आता आगगाडीची गोष्ट. ती तर आपल्या दारावरूनच गेली आहे.

त्या काळी देशावरचा कापूस मुंबईला यायचा तो बैलांच्या पाठीवरून, घाट उतरून. वाटेत पाऊस लागला की माल भिजला, बैल मेला की माल अडला. १८४५ साली मुंबईत आगगाडी काढण्याची खटपट सुरू झाली. या कामात दोन मोठी नावे पुढे होती. एक सर जमशेटजी जीजीभाई आणि दुसरे नाना शंकरशेट. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी निघाली. तिच्या कारभारात मुंबईच्या बाजूने नाना होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. हिंदुस्थानातली उतारूंची ही पहिली आगगाडी. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. तिला १४ डबे होते आणि ओढायला ३ एंजिने होती. सुमारे ४०० पाहुणे तीत बसले. निघताना २१ तोफा झाल्या. आज त्या बोरीबंदरच्या जागी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. पुढल्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याची खाडी ओलांडून गाडी कल्याणला आली. कल्याणहून दोन फाटे निघाले. एक बोरघाटाने पुण्याकडे, दुसरा थळघाटाने नाशिककडे. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या रेल्वेत पैसा घालणारे बहुतेक भागीदार विलायतेतले. सरकारने त्यांना हमी दिली होती, की तुमच्या पैशावर शेकडा ५ टक्के व्याज सुटेलच. धंद्यात तूट आली तर ती भरून काढायची कोणी? सरकारने. आणि सरकारचा पैसा कुठला? रयतेच्या सारापट्टीचा. शिवाय घाट फोडायला हजारो मजूर राबले. पटकीने आणि अपघातांनी कितीतरी माणसे दगावली. त्यांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. आगगाडीने मुंबई वाढली, गिरण्या आल्या, गावचा माणूस शहरात पोटाला लागला, हे खरे. पण तिची किंमत कोणी कोणी मोजली, हेही वाचणाऱ्या माणसाने विसरू नये.

अर्ज आणि सह्या

नानांना सरकार-दरबारी मान होता. परंतु मान मिळाला की माणूस बऱ्याचदा गप्प बसतो. नाना गप्प बसले नाहीत. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत 'बॉम्बे असोसिएशन' नावाची सभा स्थापन झाली. आपल्या प्रांतातली ही अशी पहिली राजकीय संस्था. अध्यक्ष झाले नाना शंकरशेट. डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि नानांचे चिरंजीव विनायकराव हे चिटणीस. हिंदू, पारशी, मुसलमान असे सारे त्यात होते. काँग्रेस निघाली ती १८८५ साली. ही सभा तिच्या ३३ वर्षे आधीची.

या सभेने पहिले काम काय केले? अर्ज लिहिला. तो विलायतेच्या पार्लमेंटला धाडला. त्यात लिहिले की राज्यकारभार फार खर्चाचा आहे, तो कमी करा. कायदे करणाऱ्या मंडळात आमचीही माणसे घ्या. वरच्या जागा आमच्या लायक माणसांना द्या. शाळा आणि रस्ते यांवर जास्त पैसा घाला. भाषा नम्र होती, पण मागणी पक्की होती. त्या अर्जावर पुष्कळ सह्या होत्या.

या अर्जाची फळे हळूहळू आली. १८६१ साली कायदा झाला आणि १८६२ साली मुंबईच्या कायदे मंडळात पहिल्याने काही हिंदी माणसे घेतली गेली. त्यांत नाना होते. अर्थात ते निवडून आलेले नव्हते. गव्हर्नरने नेमलेले होते. समोर आलेल्या कायद्यावर बोलावे एवढाच अधिकार, कारभाराबद्दल जाब विचारण्याची मुभा नाही. दार किलकिले झाले होते, उघडले नव्हते. ते पुरते उघडायला पुढे कितीतरी वर्षे आणि कितीतरी माणसे खपावी लागली. आज तुम्ही ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला हिशेब विचारू शकता. तेव्हा कायदे मंडळातल्या शेटजींनाही ते करता येत नव्हते!

मानाच्या माणसावरही संशय

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय नाना पुरते कळायचे नाहीत. १८५७ साली उत्तरेत शिपायांचा मोठा उठाव झाला. मुंबईतही इंग्रजांच्या मनात धास्ती भरली. तेव्हा नानांवरही संशय आला, की हे बंडवाल्यांना आतून सामील आहेत. ज्यांच्याबरोबर बसून शाळा काढल्या, रेल्वे काढली, तेच आता चौकशी करू लागले. पुरावा काहीच मिळाला नाही. नाना निर्दोष ठरले. त्याच साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि त्याच्या पहिल्या सभासदांत त्यांचे नाव होते.

एवढी वर्षे सरकारशी संबंध, एवढा मोठेपणा, तरी एका अफवेने माणूस संशयित होतो. परक्याच्या राज्यात मान असला तरी हक्क नसतो, तो असा. नाना यानंतर घरात दार लावून बसले नाहीत. त्यांनी कामे चालूच ठेवली. भायखळ्याची राणीची बाग आणि तिथले वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीत त्यांचा हात होता. सोनापूरचे स्मशान सरकार शहरापासून दूर शिवडीला नेणार होते. गरिबाने मढे खांद्यावर घेऊन एवढे लांब कसे जावे? नानांनी विरोध केला आणि स्मशान होते तिथे राहिले. मराठी नाटकवाल्यांना मुंबईत नाटक करायला जागा नव्हती. ग्रँट रोडवर नानांनी दिलेल्या जमिनीवर नाटकगृह उभे होते. तिथे १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळींनी मराठी खेळ केला.

शेवट

त्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. लोक शेअरच्या सट्ट्यात वेडे झाले. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, भाव कोसळले. जुलै महिन्यात मुंबईत मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. काल लखपती असलेला आज कफल्लक झाला. त्याच महिन्यात, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना वारले. त्यांचे वय बासष्ट होते.

त्या पुरात आलेला पैसा पुराबरोबर वाहून गेला. नानांनी उभे केलेले काम मात्र राहिले. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलाला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळत असे. शंकरशेट स्कॉलर म्हटले की हुशारीची खूण पटे. आपल्या देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे त्यांतलेच एक.

आता तुम्ही म्हणाल, 'नानांजवळ पैसा होता, आमच्याजवळ काय आहे?' बरोबर आहे. आपल्याजवळ पेढी नाही. वाडा नाही. पण नानांच्या हकीकतीत पैशाने झालेली कामे किती आणि शब्दाने झालेली किती, हे घरी गेल्यावर मोजून पाहा. देशी भाषांचा वाद पैशाने जिंकला नव्हता. तो लिहून, बोलून आणि चौघांनी एकमेकांना धरून राहून जिंकला. पार्लमेंटचा अर्जही कागदावरच लिहिला होता.

ते आता तुम्हांलाही करता येईल. गावात शाळेला मास्तर नसेल तर दहा जणांनी बसून अर्ज लिहावा. पाण्याची टाकी गळत असेल तर पंचायतीला लेखी कळवावे, आणि त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. कागद पुढे आला तर आधी वाचावा, समजून घ्यावा आणि मगच सही करावी. न वाचता केलेली सही आणि जुना अंगठा यांत काही फरक नाही.

आणि एक करा. मुंबईला जाणे झाले तर ग्रँट रोडला उतरा. चौकातली पाटी कोणाला विचारू नका. आपली आपण वाचा. शेजारी कोणी उभा असेल तर त्याला सांगा, की हे नाना आमच्या मुरबाडचे.